एका संसाराची दोन कपाटं: व्हिवियन ली आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या पत्रांचं प्रकरण

पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला आलं त्याच्याकडे राहतं. त्यामुळे नवरा-बायकोचा पत्रव्यवहार पहिल्या दिवसापासून दोन ठिकाणी असतो. त्याने लिहिलेली पत्रं तिच्या कपाटात, तिने लिहिलेली त्याच्या. एका छपराखाली राहत असेपर्यंत हे जाणवत नाही. पुढे घटस्फोट होतो, दुसरं लग्न होतं, एकाचा मृत्यू होतो, वारसांची दोन वेगळी कुटुंबं तयार होतात. मग लक्षात येतं की संवादाचा एक निम्मा भाग एका घरात आहे, दुसरा दुसऱ्या घरात, आणि दोन्ही घरांचं एकमेकांकडे जाणं-येणं नाही.

विसाव्या शतकातल्या एका अतिशय गाजलेल्या नट-नटीच्या बाबतीत हे घडलं. त्या पत्रांचं आणि सोबतच्या आठवणीच्या वस्तूंचं पुढे काय झालं, कोणत्या वळणावर कोणता निर्णय झाला आणि तो कितपत योग्य होता, याचा हा अभ्यास आहे. व्हिवियन ली आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं आयुष्य जगासमोर होतं, म्हणून त्यांची नावं दिली आहेत. ज्यांच्या हातात निर्णय होते त्या मुलीचं आणि नातवंडांचं नाव दिलेलं नाही. निर्णय समजायला त्याची गरज पडत नाही.

पार्श्वभूमी

व्हिवियनचा जन्म ५ नोव्हेंबर १९१३ रोजी दार्जिलिंगला झाला. वडील कलकत्त्यात एका दलाली पेढीत होते. सहा वर्षांची असताना तिला इंग्लंडमधल्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ठेवलं गेलं. इतक्या लहानपणी आईवडिलांपासून दूर राहिलेल्या मुलीला कागदावर बोलायची सवय लागली असेल, तर त्यात नवल नाही. १९३२ साली तिचं एका बॅरिस्टरशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली. रंगभूमीवरचं ‘ली’ हे आडनाव तिने याच नवऱ्याच्या नावातून घेतलं.

ऑलिव्हिएशी जवळीक वाढली ती १९३७ च्या सुमारास, एका ऐतिहासिक चित्रपटात दोघं एकत्र असताना. तोही विवाहित होता आणि त्याला लहान मुलगा होता. १९३८ च्या अखेरीस तो हॉलिवूडला गेला, मागोमाग ती गेली आणि तिथेच तिला ‘गॉन विथ द विंड’ चित्रपटातली स्कार्लेट ओहाराची भूमिका मिळाली.

पत्रांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा काळ १९३९ चा आहे. व्हिवियन कॅलिफोर्नियात चित्रीकरणात अडकली होती आणि ऑलिव्हिए न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर काम करत होता. मधे अख्खा अमेरिका खंड होता. दोघांचे घटस्फोट झालेले नव्हते, त्यामुळे या नात्याचा गवगवा होऊ नये अशी निर्मात्याची सक्त ताकीद होती. जाहीरपणे एकमेकांचं नावही घ्यायचं नाही, अशा अवस्थेत दोन प्रेमिकांपाशी उरतं काय? पत्र, तार आणि ट्रंक कॉल. त्यातला ट्रंक कॉल हवेत विरला, कागद राहिला.

३१ ऑगस्ट १९४० रोजी सांता बार्बरा इथे अगदी मोजक्या माणसांत त्यांचं लग्न झालं. कॅथरीन हेपबर्न साक्षीदार होती. दुसरं महायुद्ध तेव्हा सुरू होतंच. तो नौदलाच्या हवाई शाखेत गेला, ती १९४३ साली सैनिकांसाठी कार्यक्रम करत उत्तर आफ्रिकेत फिरली. नॉटली अ‍ॅबी नावाचं जुनं मठासारखं घर त्यांनी घेतलं, तिथे पाहुण्यांची वर्दळ असे. याच काळात तिला क्षयाने गाठलं. १९४८ साली दोघांनी ओल्ड व्हिक नाटक कंपनीबरोबर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा मोठा दौरा केला. आतून मात्र तिचा मानसिक आजार बळावत होता. १९५३ साली सिलोनमधल्या चित्रीकरणानंतर ती पार कोलमडली, चित्रपट सोडावा लागला आणि तिची भूमिका एलिझाबेथ टेलरकडे गेली. विजेचे झटके देण्याचे उपचारही तिला सोसावे लागले.

१९६० साली घटस्फोट झाला, १९६१ साली ऑलिव्हिएने पुन्हा लग्न केलं. पत्रं मात्र थांबली नाहीत. ८ जुलै १९६७ रोजी लंडनच्या राहत्या घरी क्षयानेच व्हिवियनचं निधन झालं, तेव्हा ती ५३ वर्षांची होती.

पेच

तिच्या मागे कागद आणि वस्तू मुलीकडे आल्या. इथे थोडं थांबायला हवं. ही मुलगी पहिल्या लग्नाची. ऑलिव्हिएसाठी आई घर सोडून गेली तेव्हा ती अजून शाळेतही जात नव्हती. आता त्याच माणसाने आईला लिहिलेली प्रेमपत्रं तिच्या ताब्यात होती. त्यातली बरीचशी इतकी खासगी की परक्याने वाचतानाही संकोच वाटावा. ती जाळून टाकली असती, तर तिला दोष देणं कठीण होतं. तिने ती जाळली नाहीत आणि बाजारातही नेली नाहीत. जवळपास अर्धं शतक ती घरातच सांभाळली गेली. या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय मी हाच मानते. पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं.

नातवंडांच्या पिढीत प्रश्न नव्याने उभा राहिला. घरात ठेवलेल्या कागदाला दमट हवा लागते, शाई पुसट होते, आणि वाटणीच्या वेळी गठ्ठे सुटतात. शिवाय या पत्रांत फक्त दोघंच नव्हती. डॉक्टर होते, सहकलाकार होते, घरातली नोकरमाणसं होती, दोघांची आधीची जोडीदार आणि मुलं होती. त्यातल्या कुणीही आपल्याबद्दलचा मजकूर लोकांनी वाचायला परवानगी दिलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट माझ्या मते या पेचाच्या मुळाशी आहे. १९८२ साली ऑलिव्हिएने आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात या लग्नाविषयी, तिच्या आजाराविषयी स्वतःची बाजू मांडली. व्हिवियनने आत्मचरित्र लिहिलंच नाही. ती गेल्यावर पंधरा वर्षांनी तिच्या संसाराची हकिकत त्याच्या शब्दांत जगापुढे गेली आणि तिला उत्तर द्यायची सोय नव्हती. तिची बाजू उरली होती ती पत्रांत, डायऱ्यांत आणि संहितांच्या समासात केलेल्या टिपणांत. ते कागद कुणाच्या हाती जातात याच्यावर तिला तिच्या आवाजात बोलता येणार की नाही, हे अवलंबून होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय नष्ट करण्याचा. अनेक घरांत तो निवडला जातो आणि त्यामागे बहुतेक वेळा प्रेमच असतं. पण इथे त्याचा अर्थ असा झाला असता की आजारी, लहरी, सुंदर नटी एवढीच तिची छापील प्रतिमा कायमची शिल्लक राहिली असती.

दुसरा, घरातच ठेवण्याचा. याची मुदत फार तर एक पिढी. पुढच्या वाटणीत पाच गठ्ठ्यांचे पाच मालक होतात आणि प्रत्येकाला वाटतं की महत्त्वाचं पत्र आपल्याकडे आहे.

तिसरा, पत्रं लिलावात एकेक करून विकण्याचा. पैसा यात सर्वांत जास्त. या बाजाराची एक रीत आहे. जिथे सही ठळक, मजकूर रसाळ, त्या पत्राला मोठा भाव मिळतो. ज्यात गाडीच्या वेळा, कोळशाचं बिल, ‘आज प्रयोग बरा झाला, घसा बसलाय’ एवढंच असतं, ते पत्र कुणी विचारत नाही. संसार कळतो तो मात्र या दुसऱ्या प्रकारच्या पत्रांतून. तार का आली, आदल्या आठवड्यात काय भांडण झालं होतं, उत्तर यायला इतके दिवस का लागले, हे ओळीने लावलेल्या पत्रांतच सापडतं. माळेतले चार टपोरे मणी काढून विकले की उरलेल्या मण्यांना माळ म्हणता येत नाही.

चौथा, एखाद्या सार्वजनिक संस्थेला सगळं एकत्र देण्याचा. किंमत कमी मिळते, वाटाघाटी लांबतात, घरातली गुपितं अनोळखी सूचीकाराच्या टेबलावर जातात. त्याच्या बदल्यात क्रम टिकतो, कागद सांभाळला जातो, आणि कोण काय वाचू शकेल याचे नियम लेखी ठरवता येतात.

तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायाच्या मधलाही एक रस्ता ब्रिटनमध्ये आहे: वारसा कराच्या बदल्यात महत्त्वाच्या वस्तू राष्ट्राला देण्याची योजना. घराण्याला पैशाची झळ बसत नाही आणि वस्तू संग्रहालयात राहते.

काय केलं गेलं

२०१३ हे व्हिवियनचं जन्मशताब्दी वर्ष. त्या ऑगस्टमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने जाहीर केलं की तिचा संग्रह नातवंडांकडून घेतला आहे. त्यात ऑलिव्हिएबरोबरच्या पत्रव्यवहारातली दोनशेहून जास्त पत्रं आणि तारा होत्या, इतरांची हजारो पत्रं होती, किशोरवयापासून लिहिलेल्या डायऱ्या होत्या, टिपणं केलेल्या संहिता, छायाचित्रं, आणि नॉटली अ‍ॅबीला येणाऱ्या पाहुण्यांच्या सह्यांची वहीसुद्धा.

वेळ अचूक निवडली होती. शताब्दी वर्षात संस्थेला खरेदीचं समर्थन करणं सोपं जातं, वृत्तपत्रांना विषय हवा असतो, आणि कुटुंबालाही ‘विकलं’ याऐवजी ‘सोपवलं’ असं म्हणता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पत्रं वस्तूंच्या आधी गेली, आणि सगळी एकत्र गेली. घर आवरताना आपण बहुतेक उलटं करतो. आधी कपाटं, भांडी, दागिने यांची वाटणी होते आणि कागद शेवटी रद्दीच्या वेळी आठवतात.

दुसरी पायरी २६ सप्टेंबर २०१७ ची. सदबीज या लिलावसंस्थेने लंडनमध्ये व्हिवियनच्या वस्तूंचा लिलाव केला. तीनशेहून जास्त नग होते: फर्निचर, चित्रं, दागिने, पुस्तकं, चिनी मातीची भांडी, नाटक-सिनेमाशी निगडित चीजवस्तू. एकूण विक्री २२ लाख पौंडांच्या वर गेली, म्हणजे अंदाजाच्या कितीतरी पट. चर्चिलने काढलेलं गुलाबांचं एक चित्र तिच्याकडे होतं. त्याचा अंदाज ७० हजार ते १ लाख पौंड होता, ते ६,३८,७५० पौंडांना गेलं. लेखिका मार्गारेट मिचेलने स्वतः लिहून दिलेली ‘गॉन विथ द विंड’ची प्रत ५ ते ७ हजारांच्या अंदाजावर ५० हजारांपर्यंत चढली.

आणि एक सोन्याची अंगठी होती. आतल्या बाजूला दोघांची नावं आणि ‘निरंतर’ अशा अर्थाचा शब्द कोरलेला. अंदाज होता ४०० ते ६०० पौंड. कमिशन धरून ती ३७,५०० पौंडांना गेली.

निष्पत्ती

पत्रांच्या बाबतीत निकाल चांगला लागला असं म्हणायला हरकत नाही. ऑलिव्हिएचे स्वतःचे कागद त्याच्या निधनानंतर ब्रिटिश लायब्ररीत गेले आणि व्हिवियनने त्याला लिहिलेली पत्रं तिथे आहेत. म्हणजे दोन्ही निम्मे भाग आज सार्वजनिक संस्थांत आहेत, एकाच शहरात आहेत, आणि कुणाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. अभ्यासकाला आता १९३९ च्या एखाद्या आठवड्यात त्याने काय लिहिलं आणि तिने काय उत्तर दिलं हे तपासता येतं, फक्त त्यासाठी दोन वाचनकक्षांत बसावं लागतं आणि दोन सूच्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

आजाराविषयीचा मजकूर उघडा ठेवावा का, यावर मतभेद होऊ शकतात. मला वाटतं ठेवावा. तिच्या हयातीत आणि नंतरही तिच्या आजाराची चर्चा इतरांनीच केली. ज्या बाईला त्या दिवसांत काय वाटत होतं हे तिच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ते झाकून ठेवलं तर गप्पिष्टांचंच खरं ठरतं. हयात असलेल्या तिसऱ्या माणसाविषयीचा मजकूर मात्र त्याच्या हयातीत बंद पाकिटात असावा. तिथे अभ्यासकाने थांबायला शिकलं पाहिजे.

वस्तूंच्या बाबतीत माझं मन तितकं निर्धास्त नाही. वारसांचा विकण्याचा हक्क निर्विवाद आहे. तीनशे नग ठेवून घेणं कुठल्याही संग्रहालयाला परवडणारं नाही, आणि नॉटलीच्या खुर्च्या कुणाच्या तरी घरात वापरल्या जाव्यात यात वाईट काही नाही. चर्चिलचं चित्र चर्चिलचं म्हणून कुठेही आपली किंमत टिकवून राहील.

अंगठीचं तसं नाही. तिचा अंदाज ४०० ते ६०० होता, म्हणजे सोन्याच्या आणि घडणावळीच्या हिशेबाने ती तेवढ्याचीच. साठपटींहून जास्त रक्कम मिळाली ती आत कोरलेल्या शब्दामुळे. त्या शब्दाला वजन येतं ते पुढे वीस वर्षांत काय झालं हे ठाऊक असल्यामुळे, आणि ते ठाऊक होण्याचा पुरावा चार वर्षांपूर्वी संग्रहालयात गेलेल्या पत्रांत आहे. पत्रं आणि अंगठी हा एकच दस्तऐवज होता. त्याचा एक भाग सार्वजनिक झाला, दुसरा हातोड्याखाली गेला.

कुठे वेगळं करता आलं असतं

सुरुवात एका साध्या यादीपासून करता येते. पत्रं सोपवण्याआधी घरातल्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची: छायाचित्र, कोरलेला किंवा लिहिलेला मजकूर, आणि कुठल्या पत्रात तिचा उल्लेख येतो. अशी यादी हातात असली की वस्तू आपोआप दोन गटांत पडतात. काहींना पत्रांशिवाय अर्थ उरतो, काहींना उरत नाही. दुसऱ्या गटात फार थोड्या वस्तू निघतात. अंगठी, लेखिकेने लिहून दिलेली पुस्तकाची प्रत, एखादी पेटी, एखादं घड्याळ. तेवढ्याच आधी संस्थेपुढे ठेवायच्या, कराच्या योजनेतून किंवा पत्रांच्याच व्यवहाराचा भाग म्हणून, आणि बाकीचं खुशाल लिलावात न्यायचं. कुटुंबाच्या मिळकतीला यामुळे थोडी कात्री लागली असती, पण २२ लाखांच्या विक्रीत ती फारशी जाणवली नसती.

त्या वस्तूंमागच्या गोष्टी सांगणारी माणसं हयात असताना त्या लिहून घेणं हे दुसरं काम. पाहुण्यांच्या वहीत सही असते, पण त्या रात्री जेवायला कोण उशिरा आलं हे सहीवरून कळत नाही. मुलगी २०१५ साली गेली. आईला घरातली बाई म्हणून पाहिलेलं माणूस तिच्याबरोबर गेलं.

तिसरी गोष्ट दोन्ही वारस घराण्यांबद्दल. पत्रव्यवहाराचा एक भाग संस्थेला देताना दुसरा भाग ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी त्याच वेळी बोलायला हवं. घटस्फोटानंतर हे अवघड असतं हे खरं. पण दोन पिढ्यांनी तो राग उरलेला नसतो, आणि तारखेवार लावलेली एक संयुक्त सूची करायला कुणी कुणाला माफ करायची गरज नसते. ते काम सूचीकारांवर सोपवता येतं.

प्रकाशनाच्या हक्काचा प्रश्न तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे ऑलिव्हिएची पत्रं आहेत, ती छापायची तर परवानगी ऑलिव्हिएच्या बाजूची लागणार. ब्रिटिश लायब्ररीत व्हिवियनची पत्रं आहेत, त्यांचा हक्क मुळात तिच्या बाजूचा. कागद ज्या संस्थेकडे, त्या मजकुराचा हक्क नेमका समोरच्या घराण्याकडे, अशी ही उलटसुलट गुंतागुंत आहे. दोघांचा संवाद एका पुस्तकात आणायचा तर दोन्ही घराण्यांचा होकार हवा. पत्रं देण्याच्या करारातच अभ्यासकांना उद्धृत करण्याची मुभा किती, हे कलम दोन्हीकडून लिहून घेतलं तर पुढची वीस वर्षं वाचतात.

भारतातला हिशेब निराळा आहे आणि आपल्याकडच्या नाटक-सिनेमाच्या घराण्यांनी तो समजून घेतलेला बरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, पण मृत्यूपर्यंत अप्रकाशित राहिलेल्या मजकुराची ६० वर्षं पहिल्या प्रकाशनापासून मोजली जातात. आजोबांची पत्रं जुनी झाली म्हणून कुणीही छापावीत, असं होत नाही.

ब्रिटनमध्ये व्हिवियनची अप्रकाशित राहिलेली पत्रं २०३९ च्या अखेरीपर्यंत हक्काखाली आहेत, कारण तिथल्या कायद्याने जुन्या अप्रकाशित लेखनासाठी ती तारीख ठरवून दिली आहे. ऑलिव्हिए १९८९ साली गेला. त्याच्या पत्रांना मृत्यूनंतरची ७० वर्षं लागू होतात, म्हणजे ती २०५९ च्या अखेरीपर्यंत बांधलेली आहेत. २०४० उजाडेल तेव्हा तिची पत्रं कुणालाही विनापरवानगी छापता येतील आणि त्याची छापायला आणखी वीस वर्षं होकार घ्यावा लागेल. १९८२ साली फक्त त्याची बाजू छापील होती. त्या वीस वर्षांत तिची बाजू आधी आणि पूर्ण छापून यायची सोय आहे, जर कुणी दोन्ही वाचनकक्षांत बसून ती आतापासून उतरवून ठेवली तर.